मागे लागलेलं इंजिन

उंबरमाळीला एक्स्प्रेस थांबत नाही. आधी रूळ गुणगुणायला लागतात, मग फलाटावरची कुत्री उठून बाजूला होतात आणि गाडी धाडधाड निघून जाते. शेवटच्या डब्याच्या पाठीवर रंगवलेली पिवळी फुली लहान होत होत वळणाआड दिसेनाशी होते. इथे थांबतात त्या फक्त कसाऱ्याच्या लोकल, त्याही घटकाभर.

तुम्ही फलाटावरच्या बाकावर बसला आहात. तारीख १ ऑगस्ट २०२४, गुरुवार. दुपारचा एक वाजून गेलाय. आवणी उरकत आलीये. खाचरं तुडुंब भरलीत आणि नुकतंच मुळं धरलेलं भाताचं रोप वाऱ्यावर डुलतंय. सकाळी कंटोलीच्या पाट्या घेऊन कल्याणला गेलेल्या बाया मघाच्या लोकलनं उतरून पाड्याच्या वाटेला लागल्यात. याच शहापूर तालुक्यातल्या तानसा-भातसाचं पाणी मुंबईच्या नळांना जातं आणि एप्रिल-मे महिन्यांत इथले पाडे टँकरची वाट बघतात. पुढच्याला पुरवायचं आणि आपण मागे राहायचं, ही या मुलखाची जुनी सवय.

तुमच्या हातातल्या फोनवर शातोरू आहे. ऑलिंपिक पॅरिसचं, पण नेमबाजी तिथून बरंच दक्षिणेला, या गावात. पुरुषांच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी चाललीये. आठ जण रांगेत, गुडघा टेकून बसलेले. त्यातला एक मध्य रेल्वेचा टीसी. स्वप्निल कुसळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. रुळांची पाहणी करून आलेला एक ट्रॅकमन हातोडा भिंतीला टेकवतो आणि तुमच्या खांद्यावरून वाकून बघतो.

"टीसी म्हणजे आपल्यातलाच की," तो म्हणतो.

आणि चित्र गोठतं. पडद्यावर गोल फिरायला लागतो. उंबरमाळीत नेटवर्कही लोकलसारखंच, आलं तर आलं. तेवढ्यात खर्डीकडून कसारा लोकल येते. पुढच्या स्टेशनात नेट बरं मिळेल म्हणून तुम्ही फोन हातात धरूनच चढता.

कसारा. इथे लोकलची हद्द संपते आणि घाट सुरू होतो. रेल्वेच्या भाषेत मुंबईहून निघालेली गाडी 'डाऊन', पण हीच डाऊन गाडी इथून वर चढते. सदतीस फुटांना एक फूट असा चढ. १८६५ साली थळ घाटातून गाडी सुरू झाली तेव्हापासून हा चढ तसाच आहे. एकट्या इंजिनाच्यानं भरलेली गाडी ओढवत नाही, म्हणून कसाऱ्यात गाडीच्या शेवटाला आणखी इंजिनं जोडतात. त्यांना म्हणतात बँकर. पुढचं इंजिन ओढतं, बँकर मागून ढकलतात. खिडकीत बसून वडापाव खाणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. त्याला फक्त एक हलका धक्का जाणवतो.

"बँकर लागला," फलाटावर कुणीतरी म्हणतं.

एरवी आपल्याकडे 'मागे लागणं' म्हणजे कटकट. आई अभ्यासाच्या मागे लागते, सावकार पैशाच्या मागे लागतो. कसाऱ्यात मात्र कुणीतरी मागे लागल्याशिवाय गाडी जागची हलत नाही.

तुम्ही चालत चालत फलाटावर उभ्या एक्स्प्रेसच्या टोकाला येता. बँकरच्या केबिनचं दार उघडं आहे. चालक तुमच्याकडे बघतो आणि जरा सरकून जागा करतो. हे नियमात बसत नाही, पण आजचा प्रवासही वेळापत्रकात नाही. काचेतून समोर बघता तर पिवळी फुली. शेवटच्या डब्याची पाठ. दरी नाही, सिग्नल नाही, पुढचं इंजिन तर नाहीच. बँकरच्या चालकाला घाटभर समोर दिसते ती ही फुली. पुढच्या चालकाशी त्याचं बोलणं शिट्टीच्या खुणांनी आणि वॉकीटॉकीवर. त्यानं ताकद लावायची, वाट दुसऱ्यानं बघायची.

शिट्टी होते. पहिला बोगदा तुम्हाला गिळतो.

बाहेर पडता तेव्हा दरीचा गारवा नाही, समुद्राचा खारा वास आहे. वरळी, १९८८. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज. तुमच्याकडे पाठ करून एक मुलगी उभी आहे. तिचा चेहरा दिसत नाही आणि आज कुणाचाच दिसणार नाही, हे हळूहळू तुमच्या लक्षात येतं. बँकरमधून आलेल्याला पाठीच दिसतात.

ही अंजली वेदपाठक, एनसीसीतून आलेली. रायफल हातात घेऊन जेमतेम आठवडा झाला असताना ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरते आणि महाराष्ट्रासाठी रौप्य घेऊन येते. समोर दहा मीटरवर कागदाचं टार्गेट, मधोमध दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, सुईच्या टोकानं टोचावा तेवढा. नेमबाजीत हालचाल नाही असं लोकांना वाटतं. तुम्ही इतक्या जवळ उभे आहात की हालचालीशिवाय दुसरं काही दिसतच नाही. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं. पाय किंचित सरकतात. श्वास येतो, निम्मा सुटतो, थांबतो. बोट ट्रिगर ओढत नाही, दाबत नेतं. मग अचानक ती रायफल खाली घेते. छर्रा सुटलाच नाही. जमत नव्हतं, म्हणून मोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या रेंजवर एक माणूस अशा पाठींमागे उभा राहिला. संजय चक्रवर्ती, पुढे द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेले. त्यांनी अंजलीला घडवलं, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे यांना घडवलं. गगन नारंगही त्यांच्या हाताखालून गेला. अंजली सिडनीत २००० साली ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. २००२च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं चार सुवर्णं घेतली, त्यातलं एक सुमाच्या जोडीनं. चक्रवर्ती सर २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडनं गेले. बोगद्याच्या तोंडाशी उभे राहून तुम्ही त्यांच्या वाटेचा अंदाज घेता. टार्गेटकडे बघत बसणारा प्रशिक्षक अर्धाच. छर्रा गेला की तो कागदावर लागलेला असतो, तिथे सुधारायला काही उरत नाही. बघायचं ते त्याच्या आधीचं: पाय, खांदा, मान, श्वास. म्हणजे पाठच.

दुसरा बोगदा. बाहेर क्वालालंपूर, २००४, आशियाई नेमबाजी स्पर्धा. पुन्हा पाठ, पण ही सुमाची. महिलांची १० मीटर एअर रायफल, चाळीस फैरी. तुम्ही मोजायला लागता. दहा. दहा. दहा. विसाव्या फैरीनंतर तुमचाच घसा कोरडा पडतो. तिच्या खांद्याची रेघ मात्र तशीच. चाळीस फैरींत चाळीस दहा. ४०० पैकी ४००, विश्वविक्रमाशी बरोबरी. या आकड्याच्या पुढे जायला जागाच नाही, मागे यायलाच वाटा आहेत. पन्नास मीटरच्या रेंजवर दीपालीही आहे. याच स्पर्धेतून तीही ऑलिंपिकचं दार उघडते.

मधे जेमतेम एक पूल जातो आणि अथेन्स येतं, ऑगस्ट २००४. स्पर्धेचा पहिला दिवस, पहिलं सुवर्ण महिलांच्या एअर रायफलचं. अंतिम आठात सुमा आहे. सुवर्ण चीनच्या दू ली हिला जातं, सुमा आठवी. तीन दिवसांनी याच रेंजवर राज्यवर्धन राठोड रौप्य घेतो आणि भारताचे सगळे कॅमेरे तिकडे वळतात. वळायलाच हवेत. आणखी काही दिवसांनी दीपाली थ्री पोझिशनमध्ये उतरते. अंतिम आठांत तिचं नाव येत नाही.

तुम्ही दोघींच्या पाठी बघता. जॅकेटचे पट्टे सुटतात, जाड कॅनव्हासचा तो ताठ सांगाडा उतरतो, रायफल पेटीत जाते. या जॅकेटमध्ये शिरलं की माणूस पुतळ्यासारखा होतो आणि उतरवलं की एकदम लहान दिसतो. पेटीच्या कड्या खटखट लागतात. चारशेपैकी चारशे करणाऱ्या हातांत ऑलिंपिकचं काही नाही. तुम्ही बँकरच्या चालकाकडे बघता. तो फुलीकडे बघतोय. घाट अजून निम्माही झालेला नाही.

पुढचा बोगदा वाट चुकलेला असावा. बाहेर पडता तर सगळं पांढरं. हवा नाकात काचेसारखी टोचते. तुमच्या कपड्यांवर अजून उंबरमाळीचा पाऊस आहे, तो जागच्या जागी गोठतो. सॉल्ट लेक सिटी, फेब्रुवारी २००२. उतारावरून एक माणूस स्कीवर येतो, पाठीवर रायफल. नॉर्वेचा उले आइनार ब्योर्नडालेन. बायथलॉन. काही किलोमीटर बर्फ तुडवत यायचं, छातीत ढोल वाजत असताना आडवं पडायचं आणि पाच गोळ्यांत पाच काळी टार्गेटं पाडायची. मग पुन्हा पळायचं आणि पुढच्या खेपेला उभं राहून मारायचं. बहुतेक शर्यतींत एक चुकली की दीडशे मीटरचा जादा फेरा.

तुम्ही रायफल निरखता आणि ओळख पटते. पॉइंट टू टूची गोळी, पन्नास मीटर अंतर. शातोरूत आहे तेच. फरक टार्गेटचा. इथे आडवं पडून मारायचं टार्गेट ४५ मिलिमीटरचं, लिंबाएवढं. उभ्यानं मारायचं ११५ मिलिमीटरचं, बशीएवढं. शातोरूत दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, सदऱ्याच्या गुंडीएवढं. एकाला धावत्या काळजानं लिंबू पाडायचं, दुसऱ्याला थांबलेल्या काळजानं गुंडी. काळीज थांबत नाही, ही दोघांची अडचण एकच.

ब्योर्नडालेन या सॉल्ट लेकमध्ये चारही सुवर्णं घेतो. कारकीर्द संपते तेव्हा त्याच्या नावावर ऑलिंपिकची आठ सुवर्णं असतात. बर्फाचा पडदा सरकतो आणि तोच माणूस पुन्हा दिसतो, २०२२ साली, बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये. पाठीवर रायफल नाही. तो कठड्याला दुर्बीण लावून उभा आहे, चिनी संघाचा प्रशिक्षक म्हणून, बायको दार्या दोमराचेवासह. तीही ऑलिंपिक विजेती. बायथलॉनमध्ये प्रशिक्षक असाच उभा असतो. गोळी कुठे लागली ते बघतो आणि खेळाडूला ओरडून सांगतो, साइट इतकी उजवीकडे घे, इतकी डावीकडे घे. एवढं सगळं असून त्या ऑलिंपिकमध्ये चीनला बायथलॉनचं एकही पदक मिळत नाही.

हे नीट बघून घ्या, कारण घाटात हे सहसा कुणी सांगत नाही. बँकर लावला म्हणून प्रत्येक गाडी वेळेवर पोचते असं नाही. जिंकणाऱ्याच्या अंगात जे मुरलेलं असतं ते शब्दांत उतरेलच याची खात्री नसते. आठ सुवर्णांचा श्वास दुसऱ्याच्या छातीत भरता येत नाही. त्यासाठी वेगळंच काहीतरी शिकावं लागतं, तेही वयाच्या अशा टप्प्यावर, जेव्हा सगळे तुम्हाला शिकलेलं समजतात.

बर्फ वितळतो. बोगद्याच्या पलीकडे पनवेल आहे, २००६. सुमा शिरूर लक्ष्य शूटिंग क्लब सुरू करतात. आपल्या भाषेत माणूस मोठा झाला की 'ती'ची 'त्या' होते. ती नेमकी केव्हा होते ते मात्र कुणी बघितलेलं नसतं. तुम्ही आत्ता बघताय. त्यांनी रायफल सोडलेली नाही. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्या अजून नेम धरतायत. पण आता त्या दोन ठिकाणी उभ्या असतात, कधी रेषेवर आणि कधी रेषेच्या मागे.

रेषेच्या मागून त्यांना काय दिसतं ते बघायचं असेल तर थोडं थांबा. जयपूरची अवनी लेखरा. २०१२ साली मोटार अपघातात तिच्या मणक्याला इजा झाली. नेमबाज अभिनव बिंद्राचं आत्मचरित्र वाचून ती नेमबाजीकडे वळली आणि पुढे सुमांची शिष्य झाली. इथे पाठ आहे ती व्हीलचेअरची. उभ्यानं नेम धरताना सुमांच्या कोपराला कमरेचं हाड आधार द्यायचं. बसून नेम धरणाऱ्या शरीराचा तोल वेगळा, आधार वेगळे, श्वासाची जागासुद्धा वेगळी. म्हणजे चारशेपैकी चारशे करणारं शरीर इथे उत्तर म्हणून कामाचं नाही. ते बाजूला ठेवायचं आणि समोरच्या शरीराला विचारत जायचं. ३० ऑगस्ट २०२१ला टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये अवनी १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण घेते, २४९.६ गुण. पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. सुमांना पुढे द्रोणाचार्य पुरस्कार मिळतो. अथेन्समध्ये ज्या पेटीच्या कड्या लागल्या होत्या, त्यातली एक इथे सुटते.

पुढचा बोगदा लांब आहे. त्यात कांबळवाडीपासून हांगचौपर्यंतचा रस्ता आहे.

२००९. वडील शिक्षक, मुलगा राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत. आधी अंग कमावणं, मग एक खेळ निवडणं. स्वप्निल रायफल निवडतो आणि नाशिकला सराव सुरू होतो. या खेळाची गंमत अशी की सरावालाच पैसे सुटतात, अक्षरशः नळीतून. गोळ्यांसाठी वडील कर्ज काढतात. प्रबोधिनीत विश्वजित शिंदे त्याच्यामागे उभे राहतात. २०१५ साली स्वप्निल मध्य रेल्वेत लागतो, पुणे विभागात टीसी म्हणून. पगार सुरू झाल्यावर त्यातून तो स्वतःची रायफल घेतो. हा त्याच्या आयुष्यातला कसारा. इथून चढ लागतो.

आणि इथेच मागे एक ओळखीची पाठ दिसते. नाही, पाठ नाही. पहिल्यांदाच तुम्हाला चेहरा दिसतोय, कारण बाई तुमच्यासारख्याच मागे उभ्या आहेत, तुमच्या शेजारी. दीपाली देशपांडे. २००४ला अंतिम आठांत ज्यांचं नाव आलं नव्हतं त्या. आता भारताच्या ज्युनिअर रायफल संघाची पोरं त्यांच्या हाताखाली तयार होतायत. स्वप्निल त्यांना दुसरी आई मानतो, असं त्यानंच सांगितलेलं आहे.

'दुसरी आई' हा शब्द भाषणात स्वस्त होतो. रेंजवर त्याचा अर्थ कामाचा आहे. थ्री पोझिशन म्हणजे एका माणसाचे तीन. गुडघ्यावर बसताना घोट्याखाली गुंडाळी, तिच्यावर सगळा भार. पालथं पडताना छाती जमिनीला आणि कोपरं चटईला. उभं राहताना कशालाच टेकायचं नाही. तीन ठिकाणी श्वास तीन तऱ्हेचा आणि चुकण्याच्या रीतीही तीन. कोणत्या फैरीला पोरगं घाई करतं, कुठे हट्टानं धरून बसतं, केव्हा त्यानं रायफल खाली घ्यायला हवी होती आणि घेतली नाही, हे मागून बघणाऱ्याला वर्षानुवर्षं पाठ करावं लागतं. पाठ करायला पाठच बघावी लागते.

तरी गाडी अडतेच. कैरो, ऑक्टोबर २०२२, जागतिक स्पर्धा. चौथा. पॅरिसची जागा मिळते, पदक नाही. हांगचौ, सप्टेंबर २०२३, आशियाई स्पर्धा. ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर आणि अखिल श्योराण यांच्यासोबत सांघिक सुवर्ण, विश्वविक्रमासह. मग वैयक्तिक अंतिम फेरी. स्वप्निल आघाडीवर आहे. उभ्यानं मारायच्या फैरी सुरू होतात. तुम्ही श्वास रोखता आणि पडद्यावर आकडा येतो, ७.६. गुंडीएवढ्या वर्तुळापासून गोळी थोडी भरकटलेली, दोन-अडीच गुणांनी. पुन्हा चौथा.

त्या रात्रीच्या बोगद्यात दिवा नाही. तुम्हाला फक्त इंजिनाची घरघर ऐकू येते. घाटात बँकर थांबत नाही, कारण थांबला तर गाडी मागे घसरेल.

बाहेर उजेड येतो तो लख्ख. शातोरू, १ ऑगस्ट २०२४. फोनवर गोठलेलं चित्र इथे हलतंय आणि तुम्ही त्याच्या आत उभे आहात. पात्रता फेरीत ५९० गुणांनी सातवा आलेला स्वप्निल. गुडघ्यावरच्या फैरी संपतात, तो मधल्या रांगेत. पालथ्याच्या संपतात, तो पाचवा. आता उभं राहायचं आहे. जिथे हांगचौत ७.६ आला होता, तिथेच. तुम्हाला त्याची पाठ दिसते. डावं कोपर कमरेला टेकतं, पाय किंचित सरकतात. हे तुम्ही बघितलंय. वरळीत, छत्तीस वर्षांपूर्वी, एका एनसीसीच्या मुलीच्या अंगात. श्वास निम्मा सुटतो, थांबतो. त्याच्या मनात काय चाललंय ते पाठीवरून वाचता येत नाही. खांद्याची रेघ तेवढी दिसते, आणि ती सरळ आहे.

एकेक जण बाद होत जातो. सहा, पाच, चार. चौथ्या जागेचा जुना शाप या वेळी दुसऱ्या कुणाला लागतो. उरले तीन. चव्वेचाळिसाव्या फैरीनंतर स्वप्निल थांबतो, ४५१.४ वर. चीनचा ल्यू युकुन ४६३.६नं सुवर्ण घेतो, युक्रेनचा सर्ही कुलिश ४६१.३नं रौप्य. स्वप्निलचं कांस्य. हेलसिंकीत १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य आणलं होतं. त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. चार आठवड्यांनी याच रेंजवर पॅरालिम्पिकची नेमबाजी सुरू होईल आणि ३० ऑगस्टला, टोकियोच्या बरोबर तीन वर्षांनी, अवनी २४९.७ गुणांनी पुन्हा सुवर्ण घेईल.

अथेन्सला वीस वर्षं झाली. एअर रायफलवाल्या बाईंची शिष्या आणि थ्री पोझिशनवाल्या बाईंचा शिष्य, दोघंही एकाच गावातून पदक घेऊन निघतायत. याला भरपाई म्हणावं असं क्षणभर तुम्हाला वाटतं. पण बँकरच्या केबिनमध्ये बसलेल्याला ते पटत नाही. भरपाई म्हटलं की हिशोब आला. दुसऱ्याच्या गळ्यात ती पदकं पडली, म्हणून २००४ काही बदललं नाही. बदललं ते एवढंच, की २००४मध्ये जे कळलं होतं ते वाया गेलं नाही. कोणत्या क्षणी रायफल खाली घ्यायची, हे हरलेल्यालाही माहीत असतं. किंबहुना त्याला ते जास्त नेमकं माहीत असतं.

शेवटचा बोगदा छोटा आहे. दिल्ली, १७ जानेवारी २०२५, राष्ट्रपती भवन. अर्जुन पुरस्काराच्या यादीत स्वप्निल सुरेश कुसळे आणि त्याच वर्षीच्या द्रोणाचार्यांच्या यादीत दीपाली देशपांडे. दोन याद्या, एक दिवस. इथेही तुम्ही मागच्या रांगेतच आहात.

इगतपुरी. घाट संपला. एक माणूस रुळांत उतरतो, कपलिंग सोडतो. पुढून शिट्टी येते आणि गाडी नाशिककडे निघून जाते. पिवळी फुली दूर जाते, लहान होते. डब्यांतली माणसं डबे उघडून जेवायला बसली असतील. आपल्यामागे काही होतं आणि आता नाही, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना कळलं असेल. बँकरचा चालक पाण्याची बाटली तोंडाला लावतो आणि दुसऱ्या टोकाच्या केबिनकडे चालू लागतो. आता उतरायचंय, रिकामं, एकट्यानं, कसाऱ्यापर्यंत. तिथे पुढची गाडी उभी असेल.

तुम्ही त्याच्याबरोबर उतरता. उतरताना बोगदे नुसते बोगदे असतात. एहेगावच्या उंच पुलाखाली पावसानं फुगलेली दरी दिसते, ढग दिसतात. कसाऱ्याहून लोकल पकडून तुम्ही उंबरमाळीत परत येता.

बाक तसाच आहे. ट्रॅकमन तसाच वाकलेला. फोनवर गोल अजून फिरतोय. मग चित्र एकदम सुटतं आणि पडद्यावर तीन नावं उभी राहतात, तिसरं आपलं.

"आला!" ट्रॅकमन ओरडतो. हातोडा पडतो. फलाटाच्या टोकाला गलोल घेऊन आंब्याच्या फांदीवर नेम धरून बसलेला एक पोरगा दचकून वळतो. त्याचा खडा फांदीला चाटून जातो. तो दुसरा खडा काढतो, एक डोळा मिटतो, रबर ओढतो आणि थांबतो. वारा आहे. पानं हलतायत. तो रबर सैल सोडतो आणि हात खाली घेतो.

त्याला हे कुणी शिकवलेलं नाही.

रूळ गुणगुणायला लागतात. कुत्री बाजूला होतात. कसाऱ्याकडे जाणारी एक्स्प्रेस धाडधाड निघून जाते. आज पहिल्यांदाच तुम्ही तिचं तोंड सोडून पाठीकडे बघता. फुलीमागे काहीच नाही, मोकळे रूळ. अजून मागे कुणी लागलेलं नाही.

कसारा पुढचंच स्टेशन आहे.